थोरल्या काकांना घातलेला वळसा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, गेल्या शतकाच्या अखेरच्या काही वर्षांत, दिल्लीच्या द्वारका नामक नव्या उपनगरातील आमच्या सोसायटीत एकही भूत वास्तव्यास नव्हते. पाणी टँकरने येत होते, वीज लहरीप्रमाणे येत होती, केबलवाला न बोलावता येत होता. भूत मात्र नव्हते. आणि या एकाच उणिवेपायी माझी आई घर सोडून निघाली होती.

ती स्वतः इतक्या स्पष्ट शब्दांत बोलत नसे. तिचं म्हणणं एवढंच होतं, "या घरात अजून कोणी गेलेलं नाही."

पहिल्यांदा ती हे म्हणाली तेव्हा माझी बायको कुकरचं झाकण लावत होती. तिने मान वर न करता विचारलं, "कुठे गेलेलं नाही, आई?"

"वर."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं कसलं? कोऱ्या घरात झोप येत नाही माणसाला. जाग आली तर कोणाची चाहूल नाही, कोणाचं खोकणं नाही. नुसत्या आपल्या भिंती."

बायको बँकेत होती आणि डोळ्यांना दिसतं तेवढंच मानायची. तिने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. सासू-सुनेच्या तात्त्विक चर्चेत नवऱ्याने छताकडेच पाहावं, असा माझा अनुभव आहे.

आईची सगळी उमर सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली होती. बाबा सरकारी खात्यात होते, सतत फिरतीवर असायचे आणि फिरतीवर असतानाच गेले. त्यांच्या जागी आईला कारकुनाची नोकरी मिळाली आणि क्वार्टर तिच्याकडे राहिलं. ती निवृत्त झाली तसं ते सोडावं लागलं. मी तोवर पेजर विकणाऱ्या एका कंपनीत लागलो होतो. पेजर म्हणजे काय हे आता मुलांना समजावून सांगावं लागतं. तेव्हा मात्र तो कमरेला लावून मी असा चालायचो, की देशाचं सगळं उदारीकरण माझ्याच पट्ट्याला अडकवून ठेवलंय. त्याच तोऱ्यात मी द्वारकेत सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता.

क्वार्टर गजबजलेलं होतं. म्हणजे आईच्या हिशेबाने. मागच्या व्हरांड्यात एक बंगाली आजीबाई असायची. आमच्या आधी तिथे राहणाऱ्या कुटुंबातली, आम्ही यायच्या आधीच वारलेली. दुपारी ती गुणगुणते, असं आई सांगायची, आणि तेही शेजारणीबद्दल सांगावं तितक्या सहज. "आज नाही बाई आवाज आला. बरं नसेल तिला." मेलेल्या बाईला बरं नसणं म्हणजे काय, हा प्रश्न मला लहानपणी कधी पडला नाही.

"मग बाबांना बोलाव की इथे," मी एकदा गमतीने म्हणालो.

"तुझे बाबा जिवंतपणी घरात थांबले नाहीत. आता थांबतायत होय."

आता माझ्या नव्या घराचं वर्णन केलं पाहिजे, कारण आईची बाजू अगदीच पोकळ नव्हती. आमच्या इमारतीतले बहुतेक फ्लॅट अशा लोकांचे होते, जे परदेशात होते, किंवा भाव वाढायची वाट पाहत होते, किंवा कोणालाच ठाऊक नव्हतं की कुठे होते. संध्याकाळी खाली उभं राहून वर पाहिलं की काळ्या चौकोनांच्या रांगांत आमची खिडकी एकटीच पिवळी दिसायची. वरच्या मजल्यावर कोणी राहत नव्हतं. पण तिथला एक नळ कोणीतरी उघडा सोडला होता. पाणी आलं की रिकाम्या न्हाणीघरात ते पडत राही, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही ते ऐकत बसू. गेलेली वीज परत आली की लिफ्ट आपसूक आमच्या मजल्यावर यायची. दार उघडायचं, आत दिवा लागलेला असायचा, कोणी नसायचं. थोडा वेळ ती तशीच थांबायची, कोणी उतरतंय असं समजून, आणि मग दार मिटायचं. मागच्या माळरानातून मोर ओरडायचे. मोराला आपल्याकडे फार काव्यात्म पक्षी समजतात. ज्यांनी तो धुक्यात, दिसत नसताना ऐकलाय, ते असं म्हणणार नाहीत.

म्हणजे घाबरण्याजोगं सगळं होतं, आणि घाबरवणारं कोणी नव्हतं. आईला हेच सोसत नव्हतं.

माझा मोठा भाऊ नागपूरला सासुरवाडीच्या जुन्या घरात राहायचा. त्या घरात तीन-चार पिढ्यांनी देह ठेवलेले. आईच्या शब्दांत सांगायचं तर 'भरलेलं घर'. तिने तिथे जायचं ठरवलं. थंडीची सुट्टी संपून मुलांची शाळा सुरू झाली की निघायचं, तिकीट काढून झालं होतं. "बघून येते चार दिवस," असं ती म्हणायची. पण तिने आपली पिशवी हॉलच्या कोपऱ्यात भरून ठेवली होती, रोजचं पातळ ती त्यातून काढायची आणि धुऊन वाळलं की परत त्यातच ठेवायची. कपाटातला तिचा कप्पा तिने कधी वापरलाच नाही. ती गेली तर परतणार नव्हती, हे आम्हाला दोघांनाही कळत होतं. मला माझी आई हवी होती, मुलांना आजी हवी होती, आणि माझ्या बायकोला, ती कबूल करो न करो, संध्याकाळी बँकेतून आल्यावर जिच्यावर चिडता येईल असं घरात कोणीतरी हवं होतं.

त्या वर्षी धुकं इतकं दाट पडलं की सहाव्या मजल्यावरून जमीन दिसेनाशी झाली. आमची इमारत कशावर उभी आहे हे दिवसेंदिवस दिसत नव्हतं. विमानांची गुरगुर डोक्यावर यायची आणि तिथेच घुटमळायची. मुलं घरात कोंडली गेली. मुलगी तिसरीत होती, मुलगा नुकता पहिलीत गेलेला. दोघांची केबलवरची सगळी कार्टून बघून झाली आणि ती एकमेकांना चावायला लागली. तेव्हा मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली.

आत आमचा ट्रॅक होता. काळ्या प्लास्टिकचे तुकडे एकमेकांत बसवून केलेला रस्ता, त्यात दोन खाचा, प्रत्येक खाचेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या. पट्ट्यांतून वीज जाते. गाडीच्या पोटाखालचा खिळा खाचेत बसतो. हातातला दट्ट्या अंगठ्याने दाबला की गाडी धावते. जास्त दाबला तर वळणावर उडून पडते. बाबांना सरकारने एकदा विलायतेला प्रशिक्षणासाठी पाठवलं होतं. त्यांच्याबरोबरच्या साहेबांनी येताना टेपरेकॉर्डर आणले, कॅमेरे आणले. बाबांनी हा आणला. आई महिनाभर त्यांच्याशी बोलली नव्हती.

आणि इथे रंगमंचावर थोरल्या काकांचा प्रवेश होतो. म्हणजे प्रवेश होत नाही. ते आधीपासून बसलेलेच असतात.

थोरले काका हे बाबांचे सख्खे मोठे भाऊ, ब्रह्मचारी. डोळे दाखवायला म्हणून साताऱ्याहून पंधरा दिवसांसाठी दिल्लीला आले आणि मरेपर्यंत राहिले. आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्यांचा बसायचा मूढा असायचा, दिल्लीत मिळतो तसला, सरकंड्याच्या काड्यांचा, बसलं की करकरणारा. हातात तपकिरीची डबी, कानाशी ट्रान्झिस्टर. ते तिथून फक्त जेवायला आणि झोपायला उठत. ट्रॅक मांडायला खोलीत तेवढीच जागा होती. बाबा म्हणाले, "दादा, जरा पलीकडे बसता का?" काका म्हणाले, "तुम्ही मांडा. माझं काही अडत नाही."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मूढ्याकडे पाहिलं, आणि ट्रॅक त्यांच्याभोवतीने नेला. सरळ लांबट आकार, आणि खिडकीच्या बाजूला पोट सुटल्यासारखा एक फुगवटा. फुगवट्याच्या आत काका. एकदा जमलं म्हटल्यावर बाबांनी सगळ्या सांध्यांखालून तारा सोल्डर करून टाकल्या. स्वतः घरात तात्पुरते असलेल्या या माणसाला कुठलीही गोष्ट तात्पुरती करता येत नसे. त्यानंतर तो ट्रॅक त्या एकाच आकारात मांडला जाऊ शकत होता. दर रविवारी दुपारी शर्यत व्हायची. गाडी उडाली की काका ट्रान्झिस्टर कानापासून न हलवता दुसऱ्या हाताने ती चाचपून परत खाचेत बसवायचे. त्यांना नीट दिसत नव्हतं. पण हात चुकायचा नाही.

आई त्यांच्याशी कधीही थेट बोलली नाही. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही, ही तिच्या माहेरची शिस्त. एका छपराखाली इतकी वर्षं राहून तिने त्यांना उद्देशून एक शब्द उच्चारला नाही. जे सांगायचं ते ती दाराच्या चौकटीला, पळीला किंवा आम्हा मुलांना सांगायची. डोक्यावर पदर घेऊन, चौकटीकडे बघत, "पानं वाढलीत म्हणावं." काकाही चौकटीलाच उत्तर द्यायचे. "आलो म्हणावं." त्या चौकटीइतका संवाद घरात कोणाच्याच वाट्याला आला नसेल.

एका रविवारी माझी गाडी उडाली. मी दट्ट्या सोडला आणि वाट पाहिली. गाडी आडवी पडलेलीच राहिली. ट्रान्झिस्टर चालू होता. मी म्हटलं, "काका, गाडी." दोनदा म्हटलं. मग आई स्वयंपाकघरातून आली आणि तिने आम्हाला दोघांना हाताला धरून बाहेर नेलं.

त्या आठवड्यात बाबांनी ट्रॅक ट्रंकेत भरला. नंतर तो कोणी काढला नाही, कोणी मागितलाही नाही.

मुलांना यातलं काहीही मी सांगितलेलं नव्हतं. एरवी माझ्याकडे त्यांना सांगायच्या थापांची कमतरता नसते. पण खेळण्यात मेलेला माणूस नको, अशी बायकोची सक्त ताकीद होती. तिने स्वतः काकांना पाहिलेलं नव्हतं. आमच्या लग्नाच्या कितीतरी आधीची गोष्ट.

दुरुस्तीला मी ज्या थाटाने बसलो, त्या थाटाने शल्यविशारदही बसत नसेल. जमिनीवर चादर, चादरीवर तुकडे, मुलं दोन्ही बाजूंना परिचारिकांसारखी. पट्ट्या गंजून तपकिरी झाल्या होत्या. त्या मी झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्या, मग रॉकेलच्या बोळ्याने पुसल्या. वाकलेले तुकडे गरम पाण्यात बुडवून वरवंट्याखाली दाबून ठेवले. गाड्यांच्या मागच्या चाकांची रबरं दगडासारखी कडक झाली होती. त्यांच्याऐवजी गॅसच्या जुन्या रबरी नळीचे काप बसवले. खरी अडचण होती ती पोटाखालच्या तांब्याच्या केसाळ पट्ट्यांची, ज्या लोखंडी पट्ट्यांना घासत जातात आणि वीज उचलतात. त्या झिजून संपल्या होत्या. लजपतराय मार्केटात नवा ट्रान्सफॉर्मर मिळाला, पण ह्या पट्ट्या कोणाला माहीत नव्हत्या. मग माझी नजर भिंतीवर लोंबणाऱ्या केबलच्या वायरीवर गेली. ती सोलली की आत तांब्याची विणलेली जाळी निघते. मी ती चपटी करून कापली आणि गाडीखाली लावली. उदारीकरणाने आमच्या घरात जे काही आणलं, त्यातली ही एकच गोष्ट मी मनापासून वापरली. दोन दिवस टीव्हीवर मुंग्या दिसल्या, ते वेगळं.

खाचा साफ करताना सुईच्या टोकावर भुरी पूड निघायला लागली. गंज असेल म्हणून मी ती झटकली. फुगवट्याच्या तुकड्यांतून ती जास्त निघत होती. मुलगी वाकून बघत होती. तिला शिंक आली. मग आणखी एक, मग आणखी. मला वास आला आणि माझा हात थांबला. तपकीर होती ती. इतकी वर्षं ट्रंकेत बंद राहूनही वास तसाच होता.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "शिंकतंय कोण? खिडकीशी बसलंय का?"

मुलगी खिडकीशी बसली नव्हती. पण तो तुकडा खिडकीकडचा होता.

ट्रॅक मांडला. आमचा हॉल मोठा होता आणि सामान अजून यायचं होतं, तेव्हा मधोमध मोकळी फरशी. त्या फरशीवर तो लांबट रस्ता सरळ जायचा, आणि एका बाजूला, कशालाही अडथळा नसताना, फुगून वळसा घ्यायचा आणि परत सरळ व्हायचा. आतली जागा पूर्ण रिकामी. बघताना डोळ्याला विचित्र वाटायचं. जिथे काही नाही तिथे काहीतरी आहे, असं तो रस्ता शपथेवर सांगत होता.

"पापा, ये यहाँ से क्यों घूमती है?" मुलाने विचारलं.

"रस्ता आहे, त्याची मर्जी."

बायको म्हणाली, "सरळ करून टाका ना तो. विनाकारण गाड्या उडतायत तिथे."

मी खरंच प्रयत्न केला. दोन तारा तोडल्या, फुगवटा काढला. तर दोन्ही टोकं एकमेकांना भेटेनात. उरलेल्या तुकड्यांतून कुठलाच बंद आकार होत नव्हता. मी तारा परत जोडल्या.

त्या दिवसापासून जे होत गेलं, ते मी घडलं तसं सांगतो. मी मीठमसाला लावणारा माणूस आहे, हे माझे मित्र सांगतील; इथे तो लावायची गरज पडलेली नाही.

पहिली गोष्ट आईची. ट्रॅक मांडलेला तिने पाहिला आणि दारातच थांबली. मग स्वयंपाकघरात परत गेली. पण त्या दिवसापासून हॉलमधून जाताना ती डोक्यावर पदर घ्यायला लागली. दिल्लीच्या बसमधून ऑफिसला गेलेली बाई. कित्येक वर्षांत मी तिच्या डोक्यावर पदर पाहिला नव्हता. ती भिंतीच्या कडेकडेने जायची आणि पलीकडे पोचली की पदर खाली. हे माझ्याआधी बायकोच्या लक्षात आलं. "आईंना थंडी वाजते का हो?" असं तिने मला विचारलं, आणि विचारतानाच तिला कळलं की थंडीचा याच्याशी काही संबंध नाही.

दुसरी गोष्ट मुलाची. गाड्या फुगवट्यावर वारंवार उडायच्या आणि दट्ट्या टाकून उठावं लागायचं. बायको त्याला म्हणाली, "तू मध्ये बस. पडली की उचलून ठेव."

तो म्हणाला, "मम्मा, वहाँ जगह नहीं है."

"एवढी मोकळी फरशी आहे की."

"बैठने की नहीं है," असं म्हणून तो रेवडी खात राहिला. त्याला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. मी मग दोघांवर नजर ठेवली. दिवसभरात ती दोघं ट्रॅकवरून इकडून तिकडे शंभर उड्या मारायची, पण त्या पोटातून एकदाही गेली नाहीत. चेंडू तिकडे गेला तर काठाशी उभं राहून पट्टीने ओढून घ्यायची.

तिसरी गोष्ट दुपारची. गाडी उडाली आणि त्याच क्षणी वीज गेली. खिडकीबाहेर दूध सांडल्यासारखं धुकं. आत राखाडी उजेड. इन्व्हर्टर त्या आठवड्यात बिघडलेला. आई तिच्या खोलीत पडली होती; आम्ही चौघं दिवाणावर रजई घेऊन बसलो. वरच्या रिकाम्या घरात पाणी पडत होतं. तेवढ्यात खालच्या बाजूने, फरशीच्या पातळीवर, करकर असा आवाज आला. नव्या दारांची लाकडं थंडीत आवाज करतात, असं मी मोठ्याने म्हणालो. मला कोणी विचारलेलं नव्हतं. वीज आली, लिफ्टचं दार उघडलं आणि मिटलं, ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागला. गाडी खाचेत होती. सरळ, नाक पुढे करून, निघायच्या तयारीत.

"तू ठेवलीस?" मुलीने भावाला विचारलं.

"तूने रखी."

दोघं माझ्याकडे बघायला लागली. हे असं काही मुद्दाम करणारा माणूस घरात एकच होता, तेव्हा त्यांचा संशय रास्त होता. बायकोही बघत होती, आणि तिला माझ्या तोंडावर नेहमीचं हसू हवं होतं. मी ते आणायचा प्रयत्न केला. खिळा खाचेत बसवायचा, तांब्याच्या दोन्ही पट्ट्या दोन बाजूंना फाकवायच्या, मग गाडी हलकेच दाबायची. हे आपोआप होत नाही. मी सगळा वेळ रजईत होतो.

"तुम्हीच ठेवलीत ना?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

तिला बरं वाटलं. मला वाटलं नाही.

मग तो दिवस आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईची गाडी होती. मुलांनी आजीसाठी शेवटची मोठी शर्यत ठेवली. रंगीत कागदांची झेंडी, पावडरच्या डब्याचा करंडक. आई काही हॉलमध्ये येईना. "मला इथून ऐकू येतंय," असं म्हणत ती ओट्याशी प्रवासाच्या दशम्या करत होती. तिची पिशवी दाराशी येऊन उभी होती. कोपऱ्यात होती तेव्हा इतकी मोठी वाटली नव्हती.

शर्यत सुरू झाली आणि मुलीची गाडी फुगवट्यावर थांबली. उडाली नाही, नुसती थांबली. मागची चाकं जोरात फिरत होती, गॅसच्या नळीचा जळका वास यायला लागला होता, आणि गाडी तसूभर पुढे जात नव्हती. मी उचलून मागे ठेवली. परत तिथेच. मुलाची दुसऱ्या खाचेतली गाडीही तिथेच. मी मीटर लावला. वीज बरोबर होती. सांध्यावर बोट फिरवलं. काही टोचत नव्हतं. पट्ट्या घासल्या, जाळी नीट केली. गाडी यायची, तिथे टेकायची, आणि चाकं फिरत राहायची. कोणाच्या तरी पायाला अडल्यासारखी. हे मी मनात म्हटलं आणि लगेच मनातून काढून टाकलं.

"सोडा आता," बायको हळूच म्हणाली. "जुनं झालंय ते."

मुलीचे डोळे भरले. "आजी उद्या चाललीये आणि एक पण चक्कर पूर्ण नाही झाला."

स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज बंद झाला. आई दारात आली. हाताला पीठ होतं, म्हणून तिने मनगटानेच पदर डोक्यावर ओढला. ती आमच्याकडे बघत नव्हती, फुगवट्याकडे तर मुळीच नाही. दाराच्या चौकटीकडे बघत, अगदी साध्या आवाजात ती म्हणाली,

"पोरांचा खेळ अडलाय. पाय जरा जवळ घ्यावेत म्हणावं."

वरचं पाणी पडायचं थांबलं. योगायोग असेल, टँकर संपला असेल. मुलगा फुगवट्याच्या काठाशी बसला होता. तो आपण होऊन थोडा मागे सरकला, शेजारी कोणी हललं की आपण सरकतो तसा.

मुलीने दट्ट्या दाबला. गाडी निघाली, फुगवट्यात शिरली, वळसा घेतला आणि बाहेर पडली. दुसरी तिच्या मागोमाग. दोन्ही गाड्या फिरत राहिल्या, एकदाही न उडता, आणि मुलं ओरडायची विसरून नुसती बघत राहिली.

आईही बघत होती. तिचा चेहरा मी इतक्या महिन्यांत तसा पाहिला नव्हता. घरात शिरल्यावर चपला काढताना माणसाचा होतो, तसा. मग ती मुलाला म्हणाली, "पापाला सांग, तिकीट परत करून ये म्हणावं. घरात वडीलधारं माणूस आहे. असं टाकून नाही जाता येत."

मी तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर होतो. मुलाने मला येऊन सांगितलं, "पापा, आजी बोल रही है टिकट वापस कर दो." मी मान हलवली.

आईने वाकून दाराशी ठेवलेली पिशवी उचलली, आत नेली, आणि थोड्या वेळाने तिच्या खोलीतल्या कपाटाचा कप्पा उघडल्याचा आवाज आला. तिथूनच तिने सुनेला हाक मारली, "चहा टाक गं सगळ्यांना. आणि एक कप जास्त टाक."

माझी बायको, जी डोळ्यांना दिसतं तेवढंच मानायची, ओट्याशी गेली. पातेलं ठेवलं, पाणी मोजलं. मी तिच्या मागे दारात उभा होतो. तिने साखरेच्या डब्यात चमचा घातला आणि तो तसाच हवेत थांबला. ती त्या रिकाम्या पोटाकडे वळून पाहत होती, ज्याच्याभोवती गाड्या अजून फिरत होत्या. आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"आई, त्यांना साखर किती लागते?"